मागे घेतलेलं उत्तर

टोकमोक शहरातल्या बुरुलकानला शंका घ्यायला कारण लागत नसे. दूधवाली हसली तरी तिला वाटे, आज दुधात पाणी आहे. उभा जन्म कपड्यांच्या कारखान्यात शिलाई यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. आता गुडघे बोलू लागले, म्हणून ती घरी बसून फोनवर शिंप्यांच्या मदत गटात उत्तरं देई. सर्वांत जास्त उत्तरं तिची, म्हणून तिथं तिचा पहिला नंबर होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

गटाचा रिवाज साधा. दोघांनी एकच उत्तर दिलं, तर मागून आलेल्यानं आपलं काढून घ्यायचं. पण हल्ली बुरुलकानच्या प्रत्येक उत्तराशेजारी एक ओळ दिसायची: ‘सिरगाकने उत्तर मागे घेतले.’ हा सिरगाक गटात नवाच आलेला एक तरुण शिंपी. नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं.

“माझं चोरतो मेला!” ती सुनेला, जिपारला म्हणाली. “डकवतो, आणि कुणी बघायच्या आत पुसतो.”

“पुसायचंच तर चोरेल कशाला, अपा?” जिपारनं सासूला विचारलं.

“तू त्याची वकील का गं? कानामागून आला आणि तिखट झाला. चालकांना सांगून हाकलतेच त्याला.”

“आधी पुरावा तरी धरा.”

हे मात्र पटलं. पुढचा प्रश्न आला: टाके मधेच सुटतात, काय करू? बुरुलकान चष्मा सावरून एका बोटानं लिहू लागली. जिपार आपल्या फोनवर गट उघडून पाळतीवर बसली.

“अपा, आलं त्याचं.”

“असं कसं? मी अजून पाठवलं कुठंय?”

“सुई उलटी बसलीय, काढून नीट बसवा, म्हणतोय.”

बुरुलकानही अक्षरशः तेच लिहीत होती. तिनं घाईनं पाठवून दिलं.

“गेलं! पुसलं त्यानं,” जिपार म्हणाली.

बुरुलकानचं तोंड उतरलं. घरात म्हातारं माणूस शिरलं की धाकटे मानाची जागा सोडून दाराकडे सरकतात, तसा हा पोरगा रोज तिच्यासाठी उठत होता. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. पहिला नंबर खैरातीतला होता तर!

मग एका शिंपिणीनं विचारलं: खाली दोऱ्याचा गुंता होतोय, लग्नाचा पोशाख उद्या द्यायचाय. पुन्हा दोघांचं उत्तर एकच. या खेपेला बुरुलकाननं हट्टानं आपलंच पुसलं. एजे, म्हणजे वडीलधाऱ्या ताई, उठल्या आणि आपण बसून राहिलो, या धास्तीनं सिरगाकनंही पुसलं.

‘उत्तरं आली नि गेली,’ शिंपिणीनं लिहिलं. ‘माझं काही चुकलं का?’

बुरुलकान उखडली. ‘सिरगाक, मोठी म्हणून सांगते, परत टाक ते.’

‘एजे, तुमच्या आधी?’

‘आधीच येतोस ना रे गाढवा? मग बस तिथं. यापुढे पुसशील तर याद राख!’

मोठ्यांचा शब्द मोडवेना. कापडावरची दाबपट्टी उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा, हे उत्तर परत आलं आणि तिथंच राहिलं. पुढचीही राहिली. हळूहळू सिरगाकचं नाव बुरुलकानच्या वर गेलं.

तिनं चष्मा सावरून नंबरांची यादी पुन्हा वाचली.

“जिपार,” ती हळूच म्हणाली, “हा दुसरा नंबर तरी माझाच ना गं? का इथूनही कुणी उठलंय?”