दुभाष्याच्या दारातली घागर

सभेत भाषांतर करताना प्रत्येक वाक्याआधी ते उजवा तळहात वक्त्याकडे करीत, दुकानदार फळीवरचा माल दाखवतो तसा. "साहेब म्हणतेत," हे आधी, आणि मग साहेब जे काही म्हणाले असतील ते तेलुगूत. वक्ता तासभर बोलला तर तासभर तो हात वरखाली होत राही. एकदा सांगून भागत नाही का, असे मी त्यांना विचारले होते.

"न्हाय, मास्तर. एकदा सांगितलेलं माणसं इसरतेत. माल दुसऱ्याचा हाय, हे परत परत दाखवाय पायजे."

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत ते राहत आणि एका कारखान्यात मागावर लुगडी विणीत. घरात तेलुगू, चौथीपर्यंतची मराठी शाळा, अक्कलकोटकडच्या सासुरवाडीची कानडी आणि रंगखान्यातल्या सोबत्यांची दखनी, अशा चार भाषा त्यांच्याकडे होत्या. आमच्या गावात याचे विशेष कौतुक नाही. पण चारही भाषांत दुसऱ्याचेच बोलणे सांगून तृप्त राहणारा माणूस मी एवढाच पाहिला. वस्तीत त्यांना 'चेप्पेवाडू' म्हणत, म्हणजे सांगणारा. त्यांचे नाव मीही इथे लिहीत नाही. सभेत आपले नाव कोणी घेतले की ते कान पाडून बसत.

आमची ओळख अमेरिकेमुळे झाली. मी हायस्कुलात इतिहास शिकवीत असे, आणि अमेरिकेच्या राजकारणाचा गावातला एकमेव जाणकार म्हणून माझी कीर्ती होती. कारण एवढेच, की तिकडची साप्ताहिके वाचनालयात मीच उघडत असे. ती दीड-दोन महिन्यांनी पोचत. त्यामुळे निवडणुकीचा निकाल आधी कळे आणि उमेदवारांची आश्वासने मागाहून वाचायला मिळत. राजकारण समजून घ्यायला हा क्रम वाईट नाही.

त्या वर्षी तिकडे अध्यक्ष निवडला जात होता. विणकरांच्या वाचनगृहाने मला व्याख्यानाला बोलावले आणि माझ्या शेजारी हे गृहस्थ उभे केले.

मी सांगितले, की अमेरिकेत लोक अध्यक्षाला थेट निवडत नाहीत; ते काही प्रतिनिधी निवडतात आणि ते प्रतिनिधी अध्यक्ष निवडतात. माझे हे एक वाक्य तेलुगूत बराच वेळ चालले. मध्येच सभा हसली. मी हळूच विचारले, "काय सांगितलंत?"

"म्हनलं, पोरगी बघाय आधी मामा-काका जातेत की, तसं."

पाठीमागून एका तरुणाने काहीतरी विचारले. यांनी हात आता त्याच्याकडे केला. "हा म्हणतोय, मामा-काकाला पसंत पडली आन् पोराला न्हाय पडली, तर?"

मी म्हणालो, तसे तिकडे क्वचित झाले आहे. सभेला फार समाधान वाटले.

मग मी पक्षांवर आलो. मोठे पक्ष दोनच, अधिवेशन भरवून उमेदवार ठरवतात. अलीकडे काही प्रांतांत पक्षाचे साधे मतदारही तो ठरवतात. त्याआधी मूठभर पुढारी बंद खोलीत ठरवीत. अशा खोल्यांत सिगारचा धूर फार असतो म्हणे. आपल्याकडे पानाची पिंक असते, एवढाच फरक. पुढे जाहीरनामा. तिकडे त्याला फलाट म्हणतात आणि त्यातल्या एकेका वचनाला फळी. इथे यांनी मागाच्या खड्ड्याशी बसायच्या फळीचा दाखला दिला असावा, कारण एक म्हातारा विणकर लगेच उठला.

"हे म्हणतेत, निवडणूक झाल्यावर त्या फळ्या कुठं ठेवतेत?"

माझ्या पुस्तकांत याचे उत्तर नव्हते. मी घाईघाईने मताधिकाराकडे वळलो. तिकडे मत द्यायला घरदार लागत नाही, बायकांनाही मत आहे, सर्वांना आहे. "सगळ्यांना?" असे त्याच म्हाताऱ्याने विचारले. "काळ्या लोकांना पण?" मी म्हणालो, "कागदावर आहे." यांनी ते दोन शब्द पलीकडे नेले, आणि तासाभरात प्रथमच काहीही समजावून न सांगता सभेला सगळे समजले.

परतताना मी विचारले, "तुमचं मत आहे का हो नगरपालिकेला?"

"कुटलं? भाड्याची खोली हाय. घरपट्टी भरणाऱ्याला मत." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, "मत नसलं तरी काम लई असतंय, मास्तर."

काम खरेच लई असे. गावातल्या तिन्ही-चारी तटांच्या उमेदवारांना पूर्व भागात मते हवी असत आणि एकालाही तेलुगूचे अक्षर येत नसे. सगळे यांनाच बोलावीत. सोमवारी एकाची सभा, मंगळवारी त्याला चोर म्हणणाऱ्याची. हे दोघांचेही तितक्याच इमानाने सांगत. चहा आणि पान, एवढीच बिदागी. निवडणुकीचा अंदाज विचारला तर मात्र ते दर वेळी चुकत आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे. "लोक काय करतील ते मला न्हाय कळत. काय म्हनले तेवढं कळतंय."

अशाच एका निवडणुकीत रावसाहेब उभे राहिले. सरकी आणि सूत यांचे मोठे व्यापारी, रुपेरी मुठीची काठी, भाषणात उपमा फार. विणकरांच्या त्या बोळात पाण्याची सोय नव्हती. बायका सकाळी लांबच्या विहिरीवर जात आणि निम्मा जन्म तिथल्या रांगेत काढीत. रावसाहेब कट्ट्यावर उभे राहून म्हणाले, "भगीरथाने गंगा आणली, मी या बोळाच्या तोंडाशी नळ आणीन." हात वर झाला. "साहेब म्हणतेत," आणि नळ तेलुगूत गेला. भगीरथाला त्यांनी वाटेत सोडून दिले.

रावसाहेब निवडून आले. नळ आला नाही. इथवर ही कथा आमच्या गावाची, अमेरिकेची आणि तुम्ही जिथे हे वाचत असाल तिथलीही आहे. पुढचे मात्र त्या बोळाचेच.

बोळातल्या माणसांनी रावसाहेबांना दोष दिला नाही. त्यांना ते ओळखतच नव्हते. काठी घेऊन कोणी मोठा माणूस आला, न कळणारे काही बोलला, गेला. नळ देतो असे त्यांच्या भाषेत, त्यांच्या तोंडावर, कोण म्हणाले होते? चेप्पेवाडू. शेजारची नरसम्मा नावाची म्हातारी एके सकाळी आली आणि तिने आपली रिकामी घागर यांच्या उंबऱ्यापुढे पालथी घातली. दुसऱ्या दिवशी परत. मग आणखी दोघींनी तेच केले. विहिरीवर यांच्या बायकोला विचारू लागल्या, "तुझ्या नवऱ्याचा नळ कुठवर आला?"

लोकमत कसे मोजावे यावर तिकडे पुष्कळ लिहिले जाते. एक साप्ताहिक तर घरोघर पोस्टकार्डे धाडून मोजते. पालथ्या घागरीचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

मला कळले तेव्हा हे गृहस्थ पहाटे नरसम्माची घागर स्वतः भरून आणीत होते आणि मग मागावर जात होते. मी चिडलो. "अहो, तुम्ही नुसतं बोलणं पोचवलंत. दर वाक्याला 'साहेब म्हणतेत' म्हणालात की!"

"ते तुमाला कळतंय, मला कळतंय." त्यांनी घागर दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तिच्या कानात माझाच आवाज गेलाय, मास्तर. आता तिथनं साहेबाचं कसं भाईर काढू?"

मी त्यांना घेऊन रावसाहेबांकडे गेलो. व्हरांड्यात बसलो, आत बोलावले गेलो, ठराव समितीपुढे आहे असे ऐकले आणि परतलो. पुढच्या खेपेला समितीच बदलली होती. तिसऱ्या खेपेला रावसाहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर अमेरिका शिकवता. लोकमताचा रेटा लागतो हो अशा कामाला." यांनी माझ्याकडे पाहिले. खांद्यावर घागरीचा घट्टा पडलेल्या माणसाला हे वाक्य मराठीतून मराठीत तरी कसे समजावणार! चौथ्या खेपेला ते एकटेच गेले, आणि त्यानंतर कोणीच गेले नाही. थकवा येतो. लोकशाहीवरच्या पुस्तकांत थकव्याचे प्रकरण नसते. माझ्या मते निम्मे पुस्तक त्याचे असायला हवे.

नगरपालिकेची पुढची निवडणूक आली. रावसाहेब परत उभे राहिले आणि सभेचा सांगावा यांनाच आला. मला वाटले होते, नाही म्हणतील. "न्हाय कसं म्हणू? बाकीचं सगळं सांगतो की," ते म्हणाले. बाकीचे म्हणजे कशाखेरीज, हे मी विचारले नाही.

तोच कट्टा. गर्दी पुष्कळ, मत असलेले पुढे, नसलेले मागे आणि बायका दारांत. मी कडेला उभा होतो. रस्ते, दिवे, शाळा असे सगळे व्यवस्थित पलीकडे गेले. मग रावसाहेब म्हणाले, "आणि या खेपेला मी नळ देणारच."

हात वर झाला नाही.

रावसाहेब थांबले. "सांगा की."

"हे आपनच सांगा, साहेब," ते हात जोडून म्हणाले. "सोपं हाय. नीळ्ळु इस्ता. पानी देतो."

"अहो, मला कुठे तुमची भाषा येते?"

"दोनच शब्द हायत."

गर्दीत हशा पिकला. रावसाहेबांनाही हसावे लागले. मते समोर बसली होती. ते घसा साफ करून म्हणाले, "निळू इस्ता." हशा आणखी वाढला, आणि मग दारातून नरसम्माचा आवाज आला, "मल्ल चेप्पु!"

"काय म्हणते ती?"

यांचा हात दाराकडे गेला. "आजी म्हणतेत, परत म्हणा."

रावसाहेबांनी परत म्हटले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी उच्चार बरा आला आणि कोणी हसले नाही. एवढी माणसे इतकी गप्प बसलेली मी आमच्या गावात दुसऱ्यांदा पाहिली नाहीत. रावसाहेबांचे कपाळ घामेजले होते. यांनी मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवसापासून घागरी यांच्या दारातून उठल्या. रावसाहेब निवडून आले, आणि नरसम्मा आठवड्याच्या आठवड्याला चारदोन बायका घेऊन त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी जाऊन बसू लागली. आता दुभाष्याची गरज नव्हती. रावसाहेब बाहेर आले की ती त्यांचेच दोन शब्द त्यांना ऐकवी. बाजारपेठेत त्यांचा टांगा दिसला की पोरे ओरडत, "नीळ्ळु इस्ता!" समितीला एकाएकी ठराव सापडला.

पण यांना पुढे कोणी सभेला बोलावले नाही. रावसाहेबांचे कळण्यासारखे आहे. त्यांच्या विरोधकांनीही बोलावले नाही. कोणते वाक्य अडवील याचा नेम नसलेला दुभाषा कोणत्याच पक्षाला परवडत नाही. कारखान्याचा मालक सूत रावसाहेबांकडून उचलत असे. त्याने काही महिन्यांनी माग कमी करायचे ठरवले आणि पहिला माग यांचा निघाला. कोणी कोणाला काही सांगितले असेल असे मी म्हणत नाही. अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

भिवंडीला निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी म्हणालो, "तिकडेही आपली माणसं पुष्कळ आहेत म्हणतात. सभा होतच असतील."

"न्हाय, मास्तर. आता नुस्ता माग." मग म्हणाले, "तेवढं एक वाक्य अडवलं. वाईट वाटतंय. माल माझा नव्हता की."

त्यांना बरे वाटेल असे मला काही सुचले नाही, आणि खोटे सांगितले तर त्यांना लगेच कळले असते.

ते गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात नळ झाला. उद्घाटनाला मांडव, रावसाहेबांच्या गळ्यात हार आणि भाषणात पुन्हा भगीरथ. तेलुगूत सांगायला कोणी नव्हते. भाषण संपायच्या आधीच एका बाईने पुढे होऊन तोटी सोडली. पाण्याच्या आणि भांड्यांच्या आवाजात भगीरथ बुडाला.

गर्दीतून नरसम्मा माझ्यापाशी आली. माझा दंड धरून ती बराच वेळ बोलत राहिली, नळाकडे बोट दाखवीत, मग बोळाच्या आत यांच्या बंद खोलीकडे. तिचे डोळे भरले होते. ती रागावली होती, की आभार मानत होती, की त्यांचा पत्ता विचारीत होती, मला समजले नाही. ती बोलायची थांबली आणि उत्तरासाठी माझ्याकडे पाहू लागली. मी शेजारी वळून म्हणालो, "काय म्हणतात त्या?"

शेजारी कोणी नव्हते.