पोलादपुरात द्राक्षाची पानं तोडायला

कोकणात द्राक्षं बघायला कोणी जातं का? मी गेले. ऐन मार्चमध्ये, उलटीची गोळी गिळून, मांडीवर थर्माकोलचा डबा धरून. कारण एकच, शैलाचा फोन.

शैला माझी होस्टेलची मैत्रीण, निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची लेक. लग्न होऊन ती पोलादपूरच्या आतल्या एका गावात गेली. तिचे वडील, अण्णा, स्वतः बांधलेलं द्राक्षाचं कलम घेऊन आले आणि तिच्या सासरच्या अंगणात लावून गेले. वाण भोकरी. जुना, बियांचा, आंबटगोड. हल्ली त्याला बाजारात कुणी विचारत नाही. अण्णा गेले, भावाने मळ्यातला जुना वेलही काढून टाकला, म्हणजे उरला तो शैलाच्या अंगणातला. त्याला सुरुवातीला घड आले. मग एका पावसाळ्यात अंगणाच्या कडेची माती घसरली आणि वेल पार जमिनीलगत मोडला. पुढे तो पुन्हा फुटला, मांडवभर पसरला, पण तेव्हापासून नुसती पानं.

"आता सरांना पुढे अंगणावर स्लॅब टाकायचाय," शैला फोनवर म्हणाली. सर म्हणजे तिचा नवरा, शाळेत शिक्षक. "म्हणतात, अण्णांचा वेल असेल तर हात लावणार नाही. पण हा तोच कशावरून? तूच काय ते सांग, वंदे. उगाच एवढी शिकलीस का?"

पुण्यात मी एका प्रयोगशाळेत द्राक्षांचे वाण डीएनएवरून ओळखते. सोपं करून सांगते. डीएनएमध्ये ठरावीक जागी एकच बारीक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हे वाणागणिक वेगळं असतं. अशा काही जागा तपासल्या की वेल आपलं नाव सांगतो. या खुणांना मार्कर म्हणतात. पाऊस, माती, खत, कशानेही त्या बदलत नाहीत. फक्त पानं कोवळी आणि थंड हवीत, म्हणून तो डबा.

पुण्याहून जायचं तर एसटीने महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर. खिडकीची जागा धरा आणि पोटात काही नसू द्या. पाऊसकाळात घाट सुरू आहे का ते आधी विचारून घ्या. कंडक्टरची नजर सारखी माझ्या डब्याकडे.

"मासे हायत का त्यात?"

"नाही हो, बर्फ आहे."

"नाय म्हटलं, कोकणात मासे घेऊन चाललात की काय!" आख्खी गाडी हसली. मीही हसले असते, पण तेव्हा वळण आलं.

पोलादपूर फाट्यावर शैला स्कूटर घेऊन उभी. मला बघताच म्हणाली, "जाडी झालीस गं!" बरं वाटलं, खरंच. घरी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कुळथाचं पिठलं. घाटाने रिकामं केलेलं पोट तिने तासाभरात पुन्हा भरलं.

मग वेल पाहिला. काय पसरला होता! शैला त्याची ऑक्टोबरची छाटणी करते, पानांवर केवडा रोग पडला की फवारते, उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणीही वाया न घालवता त्यालाच घालते. ती पानांवरून हात फिरवत होती आणि मी एक पान उलटंसुलटं करून पाहिलं. पानं लहान, गोलसर होती. मी पानांची जाणकार नाही, माझ्याकडे पानं पाकिटातून येतात. पण भोकरीचं पान इतकं गोल नसतं, एवढं मलाही कळतं.

"पान थोडं बदललंय," शैला स्वतःच म्हणाली. "कोकणचं पाणी लागलं त्याला."

बागायतदाराची मुलगी होती ती. तिला काय कळत नव्हतं?

सर चहा घेऊन बाहेर आले. "मॅडम, माझी काय दुश्मनी नाय हो वेलाशी. पण पाऊस सरळ घरात येतो. नुसत्या पाल्यासाठी किती वर्षं भिजायचं?" त्यांचंही खोटं नव्हतं.

शेंड्याची कोवळी पानं तोडून डब्यात ठेवताना सहज विचारलं, "मोडायच्या आधी या वेलाची काडी कुणाला दिली होतीस का?"

शैलाने कपाळावर हात मारला. "अगं, नात्याला! हमीदाभाभींना!"

सरांची बदली नाते गावी असताना ही दोघं हमीदाभाभींच्या घरात भाड्याने राहिली होती. तेव्हा शैलाने एक काडी त्यांच्या विहिरीजवळ खोचली होती. शैला पोलादपूरला परत आली तेव्हा त्या काडीला बोटभरच फूट होती. दर ईदला फोन होतो, पण वेलाचा विषय कधी निघालाच नाही. जगली असेल असं हिला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महाडला उतरलो आणि तिथून सहा आसनी रिक्षाने नात्याला. स्पेशल रिक्षा करू नका, उगाच महाग पडते. शेअरमध्ये बसा, कोंबडीसकट प्रवास होतो. रोजे सुरू होते. हमीदाभाभींचा मुलगा कुवेतला, घरात त्या एकट्या. दारातच त्यांनी शैलाला मिठी मारली. "किती वर्सांनी तोंड दाखवलंस गो! वाट इसरलीस काय?"

आणि विहिरीवरच्या मांडवाला घड लटकत होते. लहान, हिरवट, पण घड! शैला जागच्या जागी उभी राहिली.

"आंबट हायत, पण लागतात बघ," भाभी कौतुकाने म्हणाल्या. "रोजा सोडताना सरबत करते मी यांचं." स्वतः पाण्याचा थेंब न घेता त्यांनी आम्हाला बसवून खाऊ घातलं. आमचं ओशाळणं बघून वर दटावलं, "खावा गो, रोजा माझा हाय, तुमचा नाय." शैलाने एक मणी तोंडात टाकला, बी जिभेवर धरली आणि भाभींच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. भाभी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी डबा उघडून पानं भरत राहिले, कारण मलाही रडू येत होतं.

परतीला घाट नको म्हणून रिक्षाने वीर स्टेशन, तिथून गाडीने पनवेल, मग पुणे. वीरला खायला फार काही मिळत नाही, महाडलाच खाऊन निघा.

निकाल यायला जून उजाडला. नात्याचा वेल आमच्याकडच्या भोकरीच्या नमुन्याशी तंतोतंत जुळला, एकूण एक मार्कर. शैलाच्या अंगणातला मात्र डॉगरिज निघाला. डॉगरिज म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात तो खुंट. तो मुळासाठी लावतात, फळासाठी नाही. वरची भोकरी त्या पावसात मेली होती आणि खालचा खुंटच फुटून वाढला होता. नात्याची काडी थेट भोकरीची, म्हणून ती भोकरीच राहिली.

फोन करायच्या आधी मी दोनदा चहा केला. निकाल सांगितला.

"म्हणजे इतकी वर्षं मी खुंटाला पाणी घातलं?"

"हो गं."

"बरं झालं तू सांगितलंस. सरांना सांगते, काढा म्हणून." आवाज अगदी कोरडा होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "शैले, अगं, कलम अण्णांनी बांधलं होतं ना? मग तो खुंट तरी कुणी निवडला? कोकणच्या चिखलात मूळ तगावं म्हणून डॉगरिज घेतला त्यांनी. आणि तगलं ते. आख्खा वेल गेला तरी मूळ गेलं नाही."

तिने फोन ठेवून दिला. मला वाटलं, झालं, तोडलं आपण तिचं मन.

मग चार महिने तिने या विषयाचं नावही काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुण्यात पाकिटातून पानं येत राहिली. आता मात्र पाकीट उघडलं की हा वेल कुणाच्या दारचा असेल, असं मनात येतं. आधी येत नव्हतं. बाजारात तर सगळीकडे तेच दोन-चार वाण. भोकरीसारखे जुने असेच कुणाच्या तरी विहिरीवर, कुणाच्या तरी सरबतात जगून राहिलेत.

पाऊस उतरला आणि दिवाळीच्या सुमारास शैलाने फोटो पाठवला. नवा स्लॅब, अजून ओला. खाली जुना खुंट गुडघ्याएवढा छाटलेला, आणि त्यात चीर पाडून नात्याची काडी बांधलेली. काडीच्या डोळ्यातून एक पान बाहेर आलेलं.

मी लगेच फोन लावला. "बांधलं कुणी? तू?"

"मी आणि हमीदाभाभी. काडी पिशवीत घालून त्या स्वतः आल्या, दोन दिवस राहिल्या. पण तू फोटो नीट बघितलास का? वर बघ ना."

मी फोटो मोठा केला. काडीच्या बरोब्बर वर स्लॅबला चौकोनी भोक होतं, कडा गुळगुळीत गिलावा केलेल्या.

"गवंडी नाय म्हणत होता, गळेल म्हणाला," शैला सांगत होती. "सर म्हणाले, गळू दे."