नावाआधीचं अक्षर

माझी पुतणी मुक्ता संगणकाची एक भाषा घडवणाऱ्या मंडळींत आहे. लग्न तीन आठवड्यांवर आलंय आणि ही ऑनलाइन वाद घालतेय. मजकुरात काही शोधायचा नमुना, म्हणजे त्यांचं रेजेक्स, लिहिताना अवतरणचिन्हाआधी नवं अक्षर लावावं का, आणि लावलं तर कोणतं.

“एका अक्षरासाठी एवढं भांडण?” मी चहा भुरकत विचारलं. ऑफिसात मी तीस वर्षं याहून फालतू गोष्टींवर भांडलोय, ते सांगितलं नाही.

“काका, आतला मजकूर तोच राहतो. तो कसा वाचायचा, ते आधीचं अक्षर सांगतं.”

माझ्या मांडीवर तिच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं. तिच्या वडिलांच्या नावाआधी छापखानेवाल्याने जागा मोकळी सोडली होती. नऊ वर्षांपूर्वी दादा सकाळी दाढीचं ब्लेड आणायला म्हणून गेला, तो परतलाच नाही. श्री. की कै., हा विषय घरात कोणी काढला नव्हता. चि., सौ., श्री. अशा इवल्याशा अक्षरांच्या भरवशावर आपण माणसं वाचत असतो. अक्षर नसलं की सख्खा भाऊसुद्धा वाचता येत नाही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, कपाळावर रोजचं कुंकू.

“कै. लिहा, भावजी,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मांडवात येणारा प्रत्येकजण तिलाच विचारेल, बाबा कुठे आहेत.”

मुक्ताची बोटं कीबोर्डवर थांबली. मी पेन शोधत घरभर हिंडलो. ते खिशातच होतं.