मासोळीचं माहेर

ऑफिसात नकाशाची ताजी अमोनिया प्रिंट उलगडली की तिचा उग्र वास येतो आणि मला येलदरी धरणाखालच्या एका गावातली शाळा आठवते. मत्स्य खात्यातल्या आमच्या प्रशिक्षणाचा शेवट तिथल्या व्याख्यानाने झाला होता. धरणानंतर नदीतले मासे का घटले, हा विषय माझा होता. बोलायला मात्र साहेबांनी माझ्याबरोबर शिकणाऱ्या सुनंदाला उभं केलं. मी फक्त नकाशा धरला.

सुनंदा सांगू लागली, "मासोळी बी आपल्यावानीच हाय, मावशी. बाळंतपणाला वर माहेरी जाती. मधी भिंत घातल्यावर जाईल कुठं?"

सतरंजीवरच्या बायका हसल्या, मग माना डोलवू लागल्या. हेच मी इंग्रजीत पानंच्या पानं लिहून आणलं होतं.

एकीने माझ्याकडे बघत विचारलं, "ह्या बाई मुक्या हायत का?"

"न्हाई वो, लय हुशार हाय ती. लाजायलीय."

सुनंदाचा तो कनवाळूपणा मला फार झोंबला. त्या बाईने सरकून सुनंदाला शेजारी बसवून घेतलं.

सुनंदाने माझा विषय पळवला, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता अशी व्याख्यानं मीच देते, टाळ्याही पडतात. बोलून झालं की मात्र कुणी सरकून जागा करतंय का, ते मी अजून बघते.