घोरपडीची मैत्रीण

अन्वी, ईशान — हे तुमच्या बाबांना माहीत नाही. तुमच्या आजोबांनाही मी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्यापासून मी दुसरं काहीच लपवलं नाही. याआधी दोनदा वही उघडली, समास आखला, तारीख घातली आणि मिटून ठेवली. आज तिसऱ्यांदा बसले आहे. बोरगाव मेघेच्या या घरात सकाळचे दहा वाजलेत. धुणं वाळत घालून झालं, पोळ्या डब्यात आहेत. उठायला आता कारण उरलेलं नाही.

सुरुवात तुझ्यापासून झाली, अन्वी. गेल्या महिन्यात फोनवर तू मला तुझी पुस्तकं दाखवलीस. एका मुलीच्या पाठीतून काटे निघालेले, एका मुलाच्या तोंडाला चोच फुटत असलेली. तुझी आई मागून म्हणाली, "हिला असलंच आवडतं, काय करू सांगा?" मी हसले. ही आवड तुला लावली कुणी? दर उन्हाळ्यात तुम्ही इथे आलात की दुपारी कूलरसमोर गादीवर आडवं पडून "आजी, घोरपडीची" म्हणून माझा पदर कोण ओढायचं? यंदा आला नाहीत. कूलर मी माझ्या एकटीसाठी लावला आणि उगाच दोन उशा जास्त ठेवल्या.

आता तू ती गोष्ट शाळेसाठी इंग्रजीत लिहिते आहेस. तुझ्या बाईंनी विचारलं, कथा मुळात कुठली. मी उत्तर पाठवलं — विदर्भातली जुनी लोककथा. चाळीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. कॉपी केलेल्या वहीवर लाल शेरा मारताना माझा हात कधी थांबला नाही. आणि मीच तीन शब्दांत एवढं खोटं बोलले! पण खरं सांगू? त्या खोट्याने मला काहीच झालं नाही. झालं ते तुझ्या पुढच्या प्रश्नाने. तू सहज विचारलंस, "आजी, त्या मुलीला एकही मैत्रीण का नाही?"

मी म्हटलं, नेटवर्क जातंय. फोन ठेवला.

गोष्ट तुला पाठ आहे. तरी एकदा माझ्या हाताने लिहिते, म्हणजे पुढे काय म्हणते आहे ते कळेल.

एक हसरी मुलगी होती. एका थंडीत तिच्या कोपरावर एक खवला उगवला. तिने तो नखाने खुडला. दुसऱ्या दिवशी त्या जागी दोन होते. ते खुडले, तर चार. मग ती बापाचा लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडू लागली. हात हलवला की बाहीच्या आत वाळलेल्या तुराट्यांवरून कुणी चालावं तसा आवाज यायचा. मग तिची नखं वाकली. झोपेत ती भिंत धरायची आणि उठायची तेव्हा छताजवळ असायची. मग जीभ — जीभ टोकाला फाटली आणि तिला भाकरीची चव लागेना, पण वाऱ्याची लागायला लागली. आई चुलीपुढे रडते आहे हे तिला अंगणात उभ्या उभ्या जिभेवर कळायचं. रोज पहाटे ती आधी तोंड चाचपून बघायची. तोंड तेवढं अजून तिचं होतं. आणि एका पहाटे नव्हतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, मीच आहे." पण आवाज फुटला तो नुसता फुसकारा. आईने मुसळ उचललं. मुलगी पळाली ती शेताच्या बांधात, आमच्याकडे ज्याला धुरा म्हणतात, त्यातल्या बिळात शिरली. अजून थंडीत कापूस वेचताना कुणी धुऱ्याजवळ गेलं तर आतून एक हात येतो आणि पदर धरतो. ओढत नाही. नुसता धरून ठेवतो.

इथे ईशान नेहमी माझ्या कुशीत शिरायचा.

ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. बारा वर्षांची असताना आमच्या गावी, रोहण्याला, मामांच्या शेतात मी ती रचली. आणि अंग मी रचलं नव्हतं. अंग सुभीचं होतं.

सुभी — सुभद्रा. आमच्या शेजारच्या घरातली, माझ्याच वर्गातली. तिच्या कातडीत जन्मापासून काहीतरी कोरडेपण होतं. पाऊसकाळात काही दिसायचं नाही. थंडी पडली की कोपरांवर, पोटऱ्यांवर कातडी राखाडी व्हायची, भेगाळायची, खवले उठायचे. फार वर्षांनी एका डॉक्टरांनी मला समजावलं की हा जन्मजात त्रास, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेल लावत राहावं. आम्ही तेलच लावत होतो. शाळेतून आलं की त्यांच्या गुरांच्या कोठ्यामागे, चाऱ्याच्या आडोशाला, ती सदऱ्याच्या बाह्या वर करायची आणि मी जवसाचं तेल चोळायचे. तिच्या आईशिवाय ते अंग फक्त मी पाहिलं होतं. तो वास — कडसर, उबदार. अजून दर थंडीत मी जवसाच्या तेलाची बाटली आणते. खाण्यात कुठे लागते ती? तुमच्या आईने एकदा विचारलंही होतं. मी म्हटलं, गुडघ्यांना.

सुभी बोलायची फार. वर्गात मास्तरांची नक्कल अशी करायची की मास्तर दारात आलेले आम्हाला कळायचंही नाही. पण तेल लावताना एकदा गप्प झाली आणि म्हणाली, "मंदे, मले रोज वाटते, सकाळी उठीन अन् माह्यं तोंडही असंच झालं असन. मी पहिले तोंडच चाचपून पाह्यतो." मग लगेच हसली. "तवा तू ओळखशील का वं मले? का तूही दगड मारशील?"

मी काय म्हटलं? मी म्हटलं, येडी आहेस का.

आता वेचणीचं सांगायला हवं. कापूस फुटला की बाया ओळी धरून वेचायच्या, कमरेला लुगड्याची ओटी बांधून. पाठ दुखते, उन्हं चढतात, हात मंदावतात. म्हणून रांगेत एकजण गोष्ट सांगायची. गोष्टीत रंगलं की सांगणारीचे हात थांबणार, तेव्हा रीत अशी होती की गोष्ट संपली की प्रत्येकीने आपल्या ओटीतली एक मूठ कापूस सांगणारीच्या ओटीत टाकायचा. गोष्ट जशी, तशी मूठ. आवडली नाही तर बाया चिमटीभर टाकायच्या आणि वर टोमणा. शाळेला सुट्टी असली की आम्ही मुलीही जायचो. त्या हंगामात सांगणारी मी होते. मोठ्या बाया माझ्या तोंडाकडे बघायच्या — मला त्याची केवढी चटक लागली होती!

त्या दिवशी माझ्याकडे गोष्ट उरली नव्हती. गंगाकाकू, सगळ्यांत पुढे वेचणारी, ओरडली, "काय वं मास्तरनबाई, मुकी झाली का आज? हात चालून नाई राह्यले आमचे. अन् ते परवाची माकडाची सांगू नोको, झोप येते बापा!"

बाया हसल्या. मला ते सहन झालं नाही. इतकं साधं कारण होतं. समोर धुऱ्यावर एक घोरपड ऊन खात होती आणि मी म्हटलं, "ती घोरपड दिसते ना? ती पहिले पोरगी होती."

गोष्टीत कोपरावरच्या खवल्यापर्यंत आले आणि सगळ्या गप्प झाल्या. अशी शांतता मला कधी मिळाली नव्हती. मला कळत होतं — अन्वी, हे नीट वाच — मला कळत होतं मी काय उचलते आहे. सदरा आला. बाहीतला आवाज आला. पहाटे तोंड चाचपणं आलं. ते तर तिने फक्त मला एकटीला सांगितलं होतं. सुभी माझ्यापासून तीन ओळी पलीकडे वेचत होती. भर उन्हात तिच्या अंगात तो लांब बाह्यांचा सदरा होता. मी तिच्याकडे बघत नव्हते, पण हळूहळू बाकीच्या बघायला लागल्या. थांबता आलं असतं. मी थांबले नाही. उलट आवाज आणखी खाली आणला, कारण तसं केलं की लोक पुढे वाकतात.

गोष्ट संपली तेव्हा सुभीने काय केलं ते मला इथे लिहिता येत नाही. शेवटी लिहीन.

मुठी पडून झाल्यावर गंगाकाकू सरळ तिच्याकडे गेली. "पाहू वं पोरी, तुहा हात." आणि बाही वर केली.

दुसऱ्या दिवसापासून सुभीच्या शेजारची ओळ कुणी धरेना. तिने पाण्याच्या घागरीला हात लावला की बाया ते पाणी ओतून द्यायच्या. शाळेत तिचा बाक रिकामा झाला. मुलं तिला घोरपड म्हणायला लागली, आणि ती नावं ठेवणारी मुलं माझी गोष्ट जशीच्या तशी म्हणून दाखवायची, माझ्याच हातवाऱ्यांसकट.

इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी सांगितलंही असतं. लहान होते, जीभ घसरली, असं म्हणता आलं असतं. पुढचं तसं नाही.

आठवड्याने दुपारी सुभीची आई आमच्या घरी आली. सुभी बरोबर होती; ती आत आली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिची आई मला रागावली नाही. रागावली असती तर! ती माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "मंदे, माय, तुह्यं आयकतीन लोकं. गंगाले एवढंच सांगजो का मी रोज सुभीले तेल लावतो, माह्या हाताले काई झालं नाई. तुह्ये हात दाखवजो फक्त. बस. मंग येईन सुभी शाळेत."

माझी आई चुलीपासून उठून आली. "तू हात लावते तिले? रोज?"

सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर होत्या. स्वच्छ, गुळगुळीत हात. इतक्या दिवसांच्या तेलाचा वास अजून नखांत होता. ते नुसते पुढे करायचे होते. मला वाटलं, आता माझ्याही शेजारची ओळ कुणी धरणार नाही. माझी गोष्ट कोण ऐकेल?

मी हात पाठीमागे घेतले आणि म्हटलं, "नाई. मी कधीच हात नाई लावला तिले."

सुभीची आई माझ्याकडे बघत राहिली. मी वर पाहिलं तेव्हा चौकट रिकामी होती.

संक्रांतीच्या आत सुभीला सेलूला मावशीकडे पाठवलं. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे गावातल्या माझ्या भावाकडून कळत राहिलं: शिवणकाम करते, लग्न झालं, आता नातवंडं आहेत. मी मात्र शिकत गेले. शहर, कॉलेज, इंग्रजी, नोकरी. आणि ती गोष्ट मी बरोबर नेली. तुमच्या बाबांना सांगितली, मग तुम्हाला. दरवेळी थोडी सुधारून. बिळातून पदर धरणारा हात मी फार नंतर घातला; तो पहिल्या दिवशी नव्हता. तो कुठून आला हे मला विचारू नका. पण एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी केली होती. कोठ्यामागे तेल लावणारी मुलगी मी गोष्टीतून काढून टाकली होती. पन्नास-साठ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं.

सेलू इथून लांब नाही. सहा वर्षांपूर्वी मी वर्ध्याच्या स्टँडवरून एसटीत बसले. सोबत तेलाची बाटली होती. सेलूला उतरले, उसाचा रस प्यायले, बाटली पिशवीत तशीच ठेवून त्याच एसटीने परत आले. तिथे लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलेल्या प्रत्येक म्हातारीकडे मी बघत होते. मला तिचा चेहरा आता आठवतसुद्धा नाही, फक्त कोपरं आठवतात. आणि मास्तरांची नक्कल. आणि हसता हसता विचारलेलं ते — ओळखशील का वं मले?

तुझ्या बाईंना खरं उत्तर मी आजच पाठवते आहे: कथा आजीची, अंग आणि भीती सुभद्राची, तिला न विचारता घेतलेली. तुझ्या गोष्टीत तू काय ठेवायचं ते तुझं तू ठरव.

एक राहिलं. शेवटी लिहीन म्हटलं होतं.

त्या दिवशी गोष्ट संपल्यावर बाया एकेक करून आल्या आणि मुठी टाकून गेल्या. भरगच्च मुठी, एवढा कापूस मला कधीच मिळाला नव्हता. सगळ्यांत शेवटी सुभी आली. रीत होती, म्हणून तिनेही आपल्या ओटीत हात घातला आणि माझ्या ओटीत एक मूठ टाकली. ती नेहमीच नीट वेचायची. पांढराशुभ्र कापूस, पाल्याचा एक कण नाही, बोंडाचं एक साल नाही. मी तो पाहिला. मग ओटी हलवली, म्हणजे आणखी जागा होईल, आणि तो बाकीच्या कापसात मिसळून गेला.