कनातीपलीकडच्या बांगड्या

मंडळी, आज नातीसोबत कॉलेजातल्या गाणाऱ्या पोरापोरींचा सिनेमा पाहिला. ती खळखळून हसत होती आणि शेजारचे गृहस्थ कुरकुरत होते, "घरातल्या बायकांनी बघायचं का असलं?"

एकाहत्तर साली शेवगावात माझ्या नव्या तंबू टॉकीजमध्ये असाच सिनेमा लागला होता. खुर्चीवरून गावचे पाटील ओरडले, "बंद कर रं! आमच्या बायकांना असलं चालत न्हाई. न्हाईतर उद्या तंबूच उखडतो!"

मधल्या कापडी कनातीपलीकडे बायका बसल्या होत्या. त्यांना शिट्टी मारायची सोय नव्हती, पण माझे कान तिखट. गाण्याच्या ठेक्यावर बांगड्या वाजत होत्या.

म्हटलं, "पाटील, तिकडं कान द्या की. चालतंय त्यांना!" आणि तंबू उखडला तर उखडला, म्हणून तेच गाणं पुन्हा लावलं.

तुमच्याकडे बायकांना काय चालत नाही, हे अजून कोण सांगतं?