दानम्माअक्कांचं मॅचिंग

औशाच्या बस स्टँडकडून किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर दानम्माअक्कांचं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, परकर, अस्तर, ब्लाउजपीस आणि पुस्तकं. शेवटचं पाटीवर लिहिलेलं नाही. मला ते कळलं माझ्या तिरसटपणामुळे.

मी ऋतुजा, मूळची हिमायतनगरची, तहसील कचेरीत लिपिक. बदली होऊन औशाला आले तेव्हा राग माझ्या नाकावर मुक्कामालाच होता. खोली तापायची, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी डब्याच्या सुट्टीत मी अक्कांच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "आमसुली साडीला फॉल द्या. डिट्टो तोच रंग पाहिजे. जवळपासचा चालणार नाही."

साठीच्या पुढच्या, कपाळावर भस्माची बोटं ओढलेल्या, इरकली नेसलेल्या अक्कांनी माझ्या साडीचा पदर उन्हात धरला. फॉल काढून दिला. मग माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत म्हणाल्या, "तुला काय मॅचिंग हुईल, बगू."

"दिला ना फॉल!"

"साडीचं झालं. तुझं बगून राहिले मी."

आणि त्यांनी काउंटरखालून हिरव्या खणाच्या कापडाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. "आत चाकलेट हाय. त्या पानापातुर वाचायचं, थांबायचं, चाकलेट खायचं, मग पुढं. आधी खाल्लंस तर पुस्तकाला कळतंय."

बाईचं डोकं फिरलंय असं मला वाटलं. आमच्याकडं चाकलेट म्हणजे वाढदिवसाला शाळेत वाटतात ती गोळी. हे तर दोन बोटं रुंद, पापडाएवढं पातळ, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं होतं. नको म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा परकर काढायला वळल्या होत्या.

गोष्ट बर्फाच्या डोंगरातल्या एका टपालवाल्याची होती. औशात पंखा गरम हवा फेकत होता आणि मी लोखंडी खाटेवर पडून गुडघाभर बर्फातून चालले होते. चाकलेटच्या पानावर टपालवाला गावाच्या शेवटाला पोचतो. हातात पत्र आहे, पत्त्यावरचं घर कधीच रिकामं झालंय असं सगळ्यांनी सांगितलंय, आणि तरी लांब एका खिडकीत दिवा दिसतोय. मी तिथं थांबले. चाकलेट तोंडात टाकलं. आधी कडसर, मग भाजक्या शेंगदाण्याचं कूट, मग अगदी शेवटी संक्रांतीच्या तिळगुळाची चव. मला आईची आठवण आली आणि मी मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेले. "हे पुस्तक मलाच कामून दिलं?"

"आमसुली घेणाऱ्या बाईला घर आठवत असतंय," अक्का म्हणाल्या. "राणी कलरवालीला खुनाबिनाचं द्यावं. राखाडीवाली आली की फिरस्तीचं. अन् पांढऱ्या साडीला कोणता बी फॉल चालतो म्हनणारीला काई देऊ नये, ती परत आणून देत न्हाई."

त्या दिवसापासून मी तिथली झाले.

अक्का लग्न होऊन औशाला आल्या तेव्हा सातवी पास होत्या. घरात बोलणं कानडी, शाळा मराठी. नवरा, उमाशंकर, कापडाचे गठ्ठे घेऊन शिरूर अनंतपाळपर्यंतचे आठवडी बाजार करायचे. माल गुंडाळायला लातूरहून किलोवर रद्दी यायची. एकदा त्या रद्दीतून अख्खं पुस्तक निघालं. उमाशंकर म्हणाले, "कागद हाय, फाड." अक्का म्हणाल्या, "आधी वाचते, मग फाडते." ते फाडणं आजवर राहून गेलंय. हाच तो टपालवाला. पुढं उमाशंकर गेले, मुलगा शिवप्रसाद लातूरला टायरच्या दुकानात रमला, आणि अक्कांनी फिरता धंदा बंद करून हे दुकान थाटलं. ब्लाउजपीस कापून उरलेल्या तुकड्यांची त्या पुस्तकांना कव्हरं शिवतात. जवळजवळ दोनशे पुस्तकं आणि दोनशे कव्हरं, एकासारखं दुसरं नाही.

चाकलेट नंतर आलं. महिला मंडळानं तीन दिवसांचा वर्ग घेतला होता. बाकीच्या बाया राखीपौर्णिमेपर्यंत करून विसरल्या. अक्कांनी मात्र सोडलं नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून काळ्या चॉकलेटची लादी आणायची, उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवून वितळवायची, त्यात कूट, तीळ आणि चिमूटभर गुळाची पूड घालायची. हंगाम दसरा ते महाशिवरात्र. पुढं औशाच्या उन्हात चाकलेट पुस्तकातच विरघळतं; काही पानांवरचे तपकिरी डाग त्याचे साक्षीदार आहेत. सोमवारच्या उपासाला चाकलेट चालतं का, असा पेच एकदा बायकांत पडला. अक्का थेट मठात जाऊन स्वामींना विचारून आल्या. स्वामी म्हणाले, "झाडाला लागतंय का?" लागतंय. "मग चालतंय." तेव्हापासून सोमवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

कुणीही उंबऱ्यातून "अक्का, काय चाललंय?" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "वाचून राहिले." आमच्या कचेरीत पुण्याहून नव्यानं आलेल्या नायब तहसीलदार बाईंनी ते ऐकलं आणि बाहेर आल्यावर हळूच मला विचारलं, "कशातून वाचल्या हो? अपघात वगैरे झाला होता का?" मी हसून हसून बेजार झाले. अहो, पुस्तक वाचतायत, म्हणून सांगितलं. अक्कांना कळलं तेव्हा त्याही पोट धरून हसल्या.

दोन वर्षं अशी गेली. माझा राग कुठं गेला ते मला कळलंच नाही. सकाळी आंघोळ करताना मला आठवायचं की पर्समध्ये अर्धं पुस्तक आहे आणि त्यात अजून चाकलेट शिल्लक आहे, आणि एवढ्याशा गोष्टीवर कचेरीतला अख्खा दिवस निघायचा.

यंदाच्या दिवाळीनंतर मी मोरपंखी साडी घेऊन गेले. अक्कांनी पदर उन्हात धरला, खूप वेळ धरला, आणि मला जांभळा फॉल दिला. मी थट्टा समजले. घरी येऊन त्यांनी दिलेलं पुस्तक उघडलं तर चाकलेट पार शेवटी, कोऱ्या पानात. मीही शहाणी! चार दिवस त्या कोऱ्या पानाचा अर्थ लावत बसले. पुढचं तुझं तू लिही, असं अक्कांना म्हणायचं असेल, वगैरे. पाचव्या दिवशी पुन्हा जांभळ्या फॉलकडं लक्ष गेलं आणि माझं अर्थ लावणं तिथंच थांबलं.

दुपारी दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून मी फॉल काउंटरवर ठेवला. "अक्का, हा कोणता रंग आहे?"

त्यांनी हातानं चाचपला. मग म्हणाल्या, "मधलं दिसत न्हाई गं. कडंकडंचं दिसतंय. माणूस येतो, हात दिसतेत, पाय दिसतेत, तोंडाच्या जागी धूर. अक्षरं तर वरीस झालं गेली, चाकलेट अंदाजानंच ठिवते."

"डॉक्टर?"

"माहेरी जाते म्हनून सांगितलं अन् एकटी लातूरला दावून आले. डोळ्याचा पडदा खराब झालाय. परत येनार न्हाई म्हनले."

"शिवप्रसाददादांना?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "त्याला कळलं की दुकान बंद. लातूरला नेतंय बग. घर चांगलं हाय, सून तर सोनं हाय, मला काई म्हनायचं न्हाई. पर तिथं मला कोण इचारनार, अक्का, काय वाचू?"

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, बहुतेक डोळ्यांचाच. मी तिथल्या तिथं पदर खोचला आणि कामाला लागले.

दर शनिवारी आम्ही फॉल रंगावार लावत बसलो. प्रत्येक गड्डीला दोरा बांधला. लालला एक गाठ, हिरव्याला दोन, निळ्याला तीन. फिक्याला बारीक दोरा, गडदाला जाड. मोरपंखी आणि बॉटल ग्रीन यांच्यावरून आमचं दोनदा कडाक्याचं भांडण झालं. आलेल्या गिऱ्हाइकाकडून अक्का साडीचा रंग बोलता बोलता काढून घ्यायच्या. "लई दिसांनी असला रंग बगितला, काय म्हनतेत तुमच्याकडं ह्याला?" आणि पुस्तकांना तर गाठींची गरजच नव्हती. खण, अस्तर, पॉपलीन, जुनी रेशमी किनार, प्रत्येक कव्हर त्यांच्या बोटांना पाठ होतं.

डब्याच्या सुट्टीत मी अर्धा तास वाचायची. शटर अर्धं खाली, पंख्याच्या वाऱ्यानं रंगीत दोरे हलतायत, बाहेर औसा-सोलापूर गाडीचा हॉर्न. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. मध्येच हात वर करायच्या, "थांब. हितं ठिव." मी चांदीचा कागद त्या पानात सारायची. कधी कधी मला वाटायचं की आम्ही दोघी औशात नाहीच, कुठल्यातरी बोटीत आहोत आणि बोट फार सावकाश चाललीय. मी कचेरीत उशिरा पोचायची आणि बोलणी खायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी शिवप्रसाद आला. पन्नाशीकडं झुकलेला, टायरच्या काळ्या रेषा हातात कायमच्या मुरलेल्या. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "अव्वा, दिवाळीत तू मावशीला पिवळ्याच्या जागी केशरी परकर दिलास. तुला दिसतंय का? खरं सांग."

"दिसतंय की."

"मी काय तुझा दुश्मन हाय का? रस्त्यावर गाड्या बग कशा पळतेत. पडलीस तर मी कुनाला तोंड दावू? दिसत नसंल तर शिवरात्र झाली की दुकानाला कुलूप अन् लातूरला चल." त्यानं मागच्या फळीवरून हाताला लागेल ते पुस्तक ओढलं, चांदीचा कागद होता तिथं उघडलं आणि आईच्या हातात दिलं. "दिसतंय ना? मग वाच."

हिरवा खण. अक्कांची बोटं कव्हरच्या शिवणीवरून एकदा फिरली. त्यांनी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"त्या सकाळी टपालवाल्याच्या थैलीत एकच पत्र होतं. घाट चढताना तो स्वतःशी म्हणाला, एका पत्रासाठी एवढा डोंगर कोण चढतं?"

त्यांचा आवाज एकदम पुस्तकी, स्वच्छ झाला. बोट ओळीखालून सरकत होतं, ओळ संपली की खाली उतरत होतं. एक अक्षर चुकलं नाही. टपालवाला घाट चढला, नाला ओलांडला, विहिरीवरच्या बायकांनी त्याला हसून सांगितलं की त्या घरात कुणी राहत नाही. मी मात्र काउंटरच्या आतल्या बाजूला होते, मला पान दिसत होतं. उघडलेलं पान खिडकीचं होतं आणि अक्का दोन पानं मागचं म्हणत होत्या.

"आणि तेव्हा त्याला दिसलं, की शेवटच्या घराच्या खिडकीत दिवा आहे." अक्कांनी बोट उचललं. "हितं थांबायचं." चाचपून चांदीचा कागद घेतला आणि लेकापुढं धरला.

शिवप्रसादनं कागद उलगडला. चाकलेट तोंडात टाकलं. मी मनात सगळ्या देवांना हात जोडले.

"अव्वा," तो म्हणाला, "तू पान उलटलंच न्हाईस."

अक्कांचे हात पुस्तकावर तसेच राहिले.

"ल्हानपनी बी हितंच थांबायचीस," शिवप्रसाद म्हणाला. "तवा चाकलेट कुठलं, गुळाचा खडा असायचा. म्हनायचीस, खडा संपला की पुढचं. अन् मी खडा गालात धरून झोपून जायचो. रोज."

"लई झोपाळू होतास."

"त्या खिडकीत कोन होतं, मला अजून ठावं न्हाई."

अक्का हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिवप्रसादनं स्टूल ओढून घेतलं. खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला. "कुलपाचं पुन्ना बोलू," असं पुटपुटत त्यानं आईच्या हातातून पुस्तक घेतलं आणि बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखा अडखळत वाचू लागला, "ख... खिडकीशी तो पोचला तेव्हा..."

तेवढ्यात समोरच्या रसवंतीवरच्या केवळाबाई परकराची नाडी घ्यायला आल्या. आत वाकून बघत म्हणाल्या, "अक्का, काय चाललंय?"

अक्कांनी डोळे मिटलेले होते. त्यांनी हातानंच केवळाबाईंना गप्प बसायची खूण केली.

"वाचून राहिले," त्या म्हणाल्या.